देवरूखचे घर अवंतीचे

श्री मार्लेश्वर प्रसन्न

मी, सौ. सुनीता उमाकांत खातू, वय त्रेचाळीस, शिक्षण मॅट्रिक, काम घरचे, मूळ राहणार देवरूख, सध्या दम्माम, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही आणि कोणी शेजारी बसून मला सांगत नाही. सतरा जानेवारीपासून इथे लढाई चालू आहे. भोंगा झाला की विषारी वायूच्या भीतीने आम्ही चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत मुखवटे घालून बसतो. माझे बरेवाईट झाले आणि कागद नसला तर माझे घर वाटण्यांत जाईल. म्हणून आज पूजा आटोपून लिहायला बसले.

१. देवरूखचे घर, परसू व विहीर माझ्या एकटीच्या नावावर आहे. आईने दिलेल्या पाटल्या मोडून मी ते घेतले. ते सर्व माझी मुलगी कु. अवंती हिला देते. त्यात दुसऱ्या कोणाचा, दत्तक मुलगा धरून, काडीचाही हक्क नाही.

२. दत्तक मुलगा हा शब्द का आला, ते लिहिणे भाग आहे.

यांच्या कंपनीतल्या जपानी इंजिनियरांच्या पत्नी फुमिकोबाई आमच्या शेजारी राहत. दुपारी आम्ही एकत्र बसायचो. त्यांचे आजोबा लहानसे संस्थानिक होते. १८८४ साली तिथल्या बादशहाने संस्थानिक, दरबारी, कर्तबगार माणसे अशा सगळ्यांना पाच पायऱ्यांवर बसवले. आजोबांना चौथी पायरी मिळाली. हा मान फक्त मुलग्याकडे जाई. वडिलांना तिन्ही मुलीच, म्हणून त्यांनी राजवाड्याची मंजुरी काढून भावाचा मुलगा दत्तक घेतला. १९४४ साली ते वारले आणि किताब, घर, जमीन सगळे त्याला गेले. तीन वर्षांनी नवी राज्यघटना आली आणि सगळ्या सरदारक्या एका दिवसात रद्द झाल्या. जमीन करात गेली. राहिलेले घर त्या दत्तकाने विकले आणि बहिणींना एकेक लाखेचा डबा दिला.

ऑगस्टमध्ये जेवताना मी ही हकीकत यांना सांगितली. वाईट वाटले म्हणून सांगितली.

हे म्हणाले, "म्हणजे नाव राहिलं त्यांचं."

"नाव कुठलं राहतंय? तेही गेलं आणि घरही गेलं."

"ते सरकारनं घालवलं गं. आपल्याकडे तसं नाही." मग आमटी वाढून घेत विचारले, "मुलगा केवढा होता, घेतला तेव्हा?"

मला वाटले, माणसाला इतिहासात गोडी वाटते आहे.

सप्टेंबरात यांनी इंग्रजी कागदांचा गठ्ठा आणला. आम्हा दोघींना भारतात पाठवायची वेळ आली तर लागतील म्हणाले. "यल्ला, चल लवकर, सह्या कर, ऑफिस बंद होईल." वाण्याची चिठ्ठी तीनदा तपासणारी मी, नवऱ्याचा कागद एकदाही वाचला नाही. दिवाळीला हे एकटेच देवरूखला गेले. आणि गेल्या आठवड्यात धाकट्या जाऊबाईंचे पत्र आले, टपालात तीन महिने अडकलेले: "वहिनी, आमच्या प्रसादला दत्तक घ्यायला तुम्ही संमती पाठवलीत, फार मोठं मन तुमचं. प्रसाद आता तुमचाही. साऱ्या आळीत पेढे वाटले."

मी पत्र यांच्यापुढे ठेवले. यांनी चष्मा पुसला. "अगं, तूच तर सांगितलंस. त्या फुमिकोच्या वडिलांनी केलं तसं."

"मी ते कशासाठी सांगितलं होतं?"

"खातूंचं नाव पुढे चालायला नको?"

"कुठलं नाव? किराणा दुकानावरच्या पाटीवरचं? आपल्याला कुठल्या बादशहानं पायरी दिली होती?"

त्यावर हे बातम्या ऐकायला उठून गेले. सोळा वर्षांच्या मुलीने शेजारच्या खोलीतून सर्व ऐकले. तिने मला हिंदीत विचारले, "मम्मी, मैं कम पड़ गई क्या?" तिला जे उत्तर द्यायचे ते कलम एकमध्ये दिले आहे.

३. चि. प्रसाद याचा दोष नाही. दहा वर्षांच्या पोराला कोणी विचारत नाही. माझ्याकडून त्याला आशीर्वाद. खातू हे नाव त्याने पुरते घ्यावे, अवंती त्यात वाटा मागणार नाही.

४. अवंतीच्या बाबांनी निवृत्त झाल्यावर देवरूखच्या घरात राहावे की नाही, हे अवंतीने ठरवावे. मी राहू दे असेही म्हणत नाही, नको असेही म्हणत नाही. राहिल्यास विहिरीचा पंप त्यांनी दुरुस्त करावा. आठ वर्षे उद्या म्हणताहेत.

५. माझा बाळकृष्ण इथे तांदळाच्या डब्यामागे असतो, कारण या देशात उघड पूजा चालत नाही. तो अवंतीकडे जावा. देव मुलग्याच्या घरी जातात असे कोणी म्हणेल. असे म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवावे. मी नसेन तर देवाला विचारावे.

६. फुमिकोबाई जानेवारीत घाईने मायदेशी गेल्या. एकच बॅग न्यायची होती, म्हणून त्यांचा तो लाखेचा डबा माझ्याकडे ठेवला आहे. पत्ता डब्यात आहे. तो अवंतीने पोचता करावा. घरातून त्यांना मिळालेली ती एकच वस्तू आहे.

७. दत्तकाबद्दल कोर्टात जाऊ नये. वकील श्रीमंत होतील. फक्त हा कागद दाखवावा. अंमलबजावणी माझे बंधू चंद्रशेखर यांनी करावी. त्यांचाही यांच्यावर राग आहे, पण तो या कामात आणू नये.

हा कागद उद्या डॉ. वीणाबाईंबरोबर भारतात जाईल. पूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढे केले तर ते मी स्वतः मराठीत लिहिलेले असेल. इंग्रजीतला, माझी सही असलेला, कुठलाही कागद माझी इच्छा मानू नये.

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
१) डॉ. वीणा साठ्ये, दम्माम
२) नूरुद्दीन काझी, मूळ राजापूर, सध्या दम्माम

स्थळ : दम्माम, सौदी अरेबिया
रविवार, ३ फेब्रुवारी १९९१

सही : सुनीता उमाकांत खातू

पासपोर्टात आहे तसेच पूर्ण नाव लिहावे असे नूरुद्दीनभाईंनी सांगितले, म्हणून मधले नाव ठेवले आहे. त्याचा दुसरा अर्थ काढू नये.