हात पडल्याशिवाय पाऊल नाही

रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. गुडघे सोडले तर आई बरी आहे. तुझं नाव काढत नाही, पण तुझा मग अजून रोज धुते.

तर न्यूज अशी की माझा उजवा खांदा मुरगळलाय. जिन्यावरून पडले. फ्रॅक्चर नाही, घाबरू नकोस. लिगामेंट ताणलंय, तुटलेलं नाही. मी तर आता खांद्यावर लेक्चर देऊ शकते. खांदा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू, सगळी मदार आजूबाजूच्या दोऱ्यांवर. अगदी आपल्या लंबू बाहुल्यासारखा. आधी बर्फ आणि गळ्यात झोळी. मग पुढे वाकून हात नुसता लोंबता सोडायचा आणि हळूहळू झुलवायचा. मग बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची. फार दिवस बांधून ठेवला तर आखडतो म्हणे. आई म्हणते, एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर घर धन्य झालं असतं.

व्यायाम मी बाबांच्या वर्कशॉपमध्ये करते. लंबू तिथेच कोपऱ्यात उभा असतो. त्याच्याकडे पाठ करून मला जमत नाही, म्हणून मी दुसऱ्या भिंतीवर गेले.

फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी माझा दंड बघितला आणि म्हणाल्या, "हे पडण्याचं दुखणं नाही. तुला कोणीतरी मागे खेचलंय." दंडावर चार निळे डाग होते, ओळीने. त्यांनी सगळीकडून हात फिरवून बघितलं आणि विचारलं, "अंगठ्याचा कुठाय?"

मी हसले. काय सांगणार? लंबूचा अंगठा तू लहानपणी मोडलास आणि बाबांनी तो परत बसवलाच नाही, हे?

दादा, आपल्या घराला जिनाच नाही.

खरं सांगते. बाबा गेले, मग तूही गेलास, तेव्हापासून लंबू तसाच पडून होता. मला वाटलं, एकटीनेच चालवून बघू. त्याच्या डोक्याची काठी माझ्या कमरेच्या पट्ट्यात अडकवली, डावा हात माझ्या हातात घेतला. उजवा, जो बाबा चालवायचे, तो माझ्यामागे नुसता लोंबत होता. बाबा तो हात तुझ्या खांद्यावर ठेवायचे आणि मगच तू विंगेतून निघायचास, आठवतं? हात पडल्याशिवाय पाऊल नाही. मी म्हटलं, कोण ठेवणार आता हात? आणि विंगेतून निघाले.

सुतारकाकांनी स्टेजच्या फळ्या दुरुस्तीला काढल्यात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पडद्यामागे अंधार होता. पाय खाली गेला आणि दंडाला हिसका बसला. मागे वळून बघितलं तर लंबूचा हात खाली लोंबत होता, जरासा हलत. त्याची बोटं लाकडाची आहेत, दादा. ती मिटत नाहीत.

हे मी कोणालाच सांगणार नव्हते. पण काल निघताना मॅडम सहज म्हणाल्या, "तुझा भाऊही जिन्यावरूनच पडला होता ना? त्या रात्री झोळी मीच बांधली. हाच खांदा. हेच डाग."

बाबांनंतरच्या पहिल्या शोची ती रात्र. तू झोळीत हात घालून घरी आलास आणि सकाळी निघून गेलास. आई मनात अजून तुला कृतघ्न समजते.

आता हात थोडा वर जायला लागलाय. शनिवारी शो लावलाय. आई म्हणते, लंबू देऊन टाक कोणाला तरी. मी ऐकलं नाही, कारण मला ओढलं गेलं ते खड्ड्यापासून लांब. पण तू तर स्टेजवर अर्धा खेळ करून आला होतास. तिथे फळ्या जागेवर होत्या.

तुला कुठे ओढलं, एवढंच कळव.

शनिवारी मी विंगेत उभी राहीन. यावेळी घाई करणार नाही, हात पडायची वाट बघेन. त्याआधी तुझं उत्तर पोचलं तर बरं होईल.

अजून त्याच्याकडे तोंड करूनच बसलेली,
तुझी ठमी