मोरी गावच्या बायका आणि फुकटचं कापड

मोरी, २ नोव्हेंबर

चि. एबो यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथे सगळे ठीक, म्हणजे जिवंत आहोत. बाजारात मक्याच्या केंकीचा गोळा लिंबाएवढा झालाय आणि भाव विचारायला छाती लागते. तुझ्या दाजींची होडी वाळूवर पडून आहे. इंजिनाला सवलतीचं सरकारी तेलच मिळत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या जावयाने टँकरच्या टँकर सीमेपलीकडे विकले, हे आता रेडिओवरही सांगतात. राष्ट्राध्यक्ष म्हणतात, जावई फार साधा आहे. असेल बाबा! हेच पुन्हा निवडून आले तर होडी विकायची, असं दाजी म्हणाले. म्हणताना माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना.

माझे दीर एगीर भाऊजी सत्ताधारी पक्षाचे इथले पुढारी, हे तुला ठाऊकच आहे. त्यांनी काल राष्ट्राध्यक्षांचा चेहरा छापलेलं कापड वाटलं. ज्या घरच्या बायका ते घालून सभेला येतील, त्याच घराला तेल, असं बजावलंय. मी घेतलं आणि शिवायला टाकलं.

तब्येतीला जप. पैसा आटला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई अराबा


कुमासी, २४ नोव्हेंबर

ती. अराबाताईस एबोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणणाऱ्या बसवाल्याने सांगितलं, तू ते कापड घालून सभेत पहिल्या रांगेत नाचलीस. आणि राष्ट्राध्यक्षांचा चेहरा शिंप्याने नेमका बसायच्या जागी आणलाय म्हणे. शाळेत सगळे शिक्षक हसले, मला हसू आलं नाही.

मी शाळा सुटल्यावर विरोधी उमेदवारासाठी दारोदार फिरतो. इतकी चुरस आहे की एकेक मत ओढून आणावं लागतंय. आणि माझी सख्खी बहीण तेलाच्या डब्यासाठी चोरांपुढे नाचते! लाज वाटली मला, स्पष्टच सांगतो. नाताळला मी येणार नाही.

दाजींना नमस्कार. रागावलोय, पण तुझाच आहे.

एबो


मोरी, ११ डिसेंबर

चि. एबो यास, तोंड उघड म्हणजे साखर घालते. जिंकलो रे, जिंकलो!

तुला आधी लिहिलं नाही, कारण पत्रं नेणारा बसवाला एगीर भाऊजींचा जावई. तो सगळ्यांची पत्रं वाचतो आणि मग चुगल्या करतो. हे पत्र पाद्रीबाबांच्या हाती पाठवतेय.

मासे भाजायच्या चुलींपाशी आम्ही सगळ्या बायकांनी आधीच ठरवलं होतं. कापड घ्यायचं, घालायचं, नाचायचंही. पण मत देताना पडद्याआड अंगठा आपला. सभेला सगळा किनारा आपल्या कापडात बघून भाऊजी असे फुगले की त्यांनी मतमोजणीसाठी कर्णा आणला, बँडवाल्यांना आगाऊ पैसे दिले आणि सगळ्या गावाला बोलावलं. अधिकारी एकेक मतपत्रिका उंच धरून दाखवत होता आणि भाऊजी स्वतः कर्ण्यावरून आकडे ओरडत होते. विरोधकांचा ढीग वाढायला लागला तसा त्यांचा आवाज बसला. मग आकडे आम्हीच ओरडलो! त्यांनी फेरमोजणी मागितली. आम्ही दुप्पट जोरात ओरडलो. शेवटी त्यांनी निकालाच्या कागदावर सही केली. बँडवाले म्हणाले, पैसे मिळालेत, वाजवायला तर हवं. मग आमच्यासाठी वाजवलं.

पुढे दोन दिवस देशभर नुसती घालमेल. एकदा हे पुढे, एकदा ते. शेवटी आमच्यासारख्या मासेमारांच्या गावांनी पारडं फिरवलं, असं रेडिओवाला म्हणाला. राष्ट्राध्यक्षांनी हार मान्य केली तेव्हा मी ढसाढसा रडले. होडी विकायची नाही. दाजी सकाळपासून तिला रंग देतायत आणि भसाड्या आवाजात गातायत.

तुझ्या बोलण्याचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. नाताळला ये, फेडून घेईन. दुरून लोभ पुरे झाला, आता जेवायलाच ये.

तुझी ताई अराबा

ता. क. काल भाऊजींकडे जेवायला गेलो होतो. बिचारे मान खाली घालून बसले होते. ही युक्ती नेमकी कोणाची, तेवढं सांग, असं त्यांनी मला विचारलं. जाऊबाईंनीच चुलीवरून वळून त्यांना सांगितलं, माझी, आणि आणखी रस्सा वाढू का?