न करपलेली भाकरी

आई,

तुझ्यावर चिडून लिहायला बसले आहे, तेव्हा कशी आहेस वगैरे काही विचारत नाही. तू गेल्याला आता बरीच वर्षं झाली. तुझा राग आला नाही असं त्यातलं एकही वर्ष मला आठवत नाही, पण यंदा जरा जास्तच झालं. आज सकाळी पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. माझी कादंबरी गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून त्यांच्याकडे पडून आहे, म्हणून मला वाटलं, वाचली एकदाची. तर म्हणाले, "मॅडम, कादंबरी चांगलीच आहे हो, पण ती नंतर बघू. आधी आई करू. आईवरचं पुस्तक हातोहात जाईल. ते चाललं की कादंबरीचं मी बघतोच." आई करू म्हणे, जसं काही उपमा करू. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. हो म्हटलं तर कादंबरी निघण्याची आशा आहे. नाही म्हटलं तर ती माझ्या कॉम्प्युटरमध्येच म्हातारी होणार, कारण बाकी ज्यांना ज्यांना पाठवली त्यांनी मिळाल्याची पोचसुद्धा दिलेली नाही.

कादंबरी कशावर आहे हे तू विचारणार नाहीस, तरी सांगते. आपल्याच तालुक्यात घडते, पुढच्या कुठल्याशा शतकात. कालव्याला जशी पाण्याची आवर्तनं सुटतात तशी तिथे आठवणींची सुटतात. ज्या घराची पाळी असेल त्या घराने तेवढे दिवस आपल्या गेलेल्या माणसांना आठवायचं, पाळी संपली की दार बंद. त्यावरून भावाभावांत मारामाऱ्या होतात, चोरून दारं उघडली जातात. मी चार वर्षं त्यावर घालवली, कॉलेजात पोरांना भौतिकशास्त्र शिकवून केडगावला घरी आल्यावर जो काही वेळ उरतो तो सगळा. आणि हे गृहस्थ म्हणतात, आधी आई करू.

याची सुरुवात तूच केलीस. देवळालीच्या वाचनालयात तू काउंटरवर बसायचीस ते दिवस मला लख्ख आठवतात. दिवाळीच्या आधी नगरहून एसटीने अंकांचा गठ्ठा यायचा. तू मैद्याची खळ करून आणायचीस, एकेका अंकाला तपकिरी कव्हर चढवायचीस, शिक्का मारायचीस आणि मग अंक सभासदांमध्ये फिरायला लागायचे, कारखान्यातले लोक, शाळेतले मास्तर, बँकेतल्या साहेबांच्या बायका. बारावीनंतरच्या दिवाळीत त्या गठ्ठ्यात एक बारीकसा अंक होता आणि त्यात माझी पहिली कथा होती. मी तो घेऊन पळत घरी येते. तू चुलीपुढे बसलेली आहेस, परातीत पीठ आहे, आणि मी दारात उभी राहून कथा मोठ्याने वाचते आहे. पृथ्वी सोडून निघालेल्या माणसांची गोष्ट आहे, मला ती जगातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते आहे. तू म्हणतेस, "सरक जरा, उजेड अडवतीस." मी सरकते आणि पुढे वाचते. शेवट ऐकून तू भाकरी उलटतेस आणि म्हणतेस, "एवढी मानसं निघालीत, अन् कुनी जेवत कसं न्हाई गं? सैपाक कोन करतं त्यांचा?" आणि जरा वेळाने, "आपल्या इथलं कायतरी लिव्ह की. खरं."

त्यानंतर तू माझी एकही कथा वाचली नाहीस. वाचनालयात मात्र माझा अंक सगळ्यांत वर ठेवायचीस. आलेल्या गेलेल्याला सांगायचीस, "ह्यात आमच्या पोरीची गोष्ट हाय, घेऊन जा." एकदा कारखान्यातल्या टाइमकीपरने माझ्यासमोरच विचारलं, "बाई, तुमी वाचली का?" तर म्हणालीस, "मला कुठला येळ!" आणि त्याच दुपारी, त्याच काउंटरवर, चष्मा नाकावर ओढून तू एका सासुरवाशिणीच्या जाडजूड कादंबरीत अशी बुडालेली होतीस की बाहेर माणसं ताटकळली होती. मी सायकलला टेकून बघत होते. मला रडू आलं नाही, नुसता संताप आला.

तेव्हापासून दर दिवाळीला एक कथा. बाकी लोकांचं आयुष्य लग्न, मूल, घर असं मोजतात, माझं अंकांवरून मोजावं लागतं. एका वर्षी ऐन वेळी सराफाची जाहिरात आली म्हणून संपादकांनी माझ्या कथेचं शेवटचं पान उडवलं. शेवटाशिवायच कथा छापून आली, आणि वाचकांनी पत्रं लिहून कळवलं की शेवट सूचक ठेवला हे फार छान केलंत. पुढच्या वर्षी कथेत एक विहीर होती, फक्त विहीर, तरी चित्रकाराने वर अग्निबाण काढला, कारण विज्ञानकथा म्हटली की अग्निबाण लागतोच. मग या कथांचं पुस्तक आलं. त्या दिवशी तू मला पाच लिटरचा कुकर दिलास. त्यावर हळदकुंकू लावून दिलास. आजही त्यातच डाळ शिजते आणि शिट्टी झाली की मला आठवतं, पुस्तकाला कुकर.

त्या पुस्तकाला पुरस्कारही मिळाला, बालसाहित्याचा. त्यातली मुख्य कथा अशी की एक म्हातारा स्वतःची आठवण आपल्या मुलांच्या डोक्यातून पुसून घेतो, कारण त्याला त्यांच्यावर ओझं व्हायचं नाही. निवड समितीतल्या कुणीतरी मुखपृष्ठावर तारे बघितले असतील, आणि तारे म्हणजे लहान मुलं. पाहुण्यांनी भाषणात मुलांना मोबाईल सोडून पुस्तकं वाचायला सांगितलं आणि मी बालवाडीतल्या पोरांच्या रांगेमागे उभी राहून ट्रॉफी घेतली. नंतर हिवरे बाजारच्या वाटेवरच्या एका गावात सत्कार झाला, त्याला तू आलीस. तिथे माझी ओळख करून देताना कुणीतरी मला शास्त्रज्ञ करून टाकलं. कार्यक्रम झाल्यावर एक म्हातारबाबा जवळ आले आणि म्हणाले, "म्याडम, तुमी सायंटिस हाय म्हनं. आमच्या बोरला पानी कितीवर लागंल?" मी म्हटलं, "बाबा, मी गोष्टी लिहिते." त्यांनी माझ्या खांद्यावरच्या शालीकडे बघितलं. "व्हय का? मंग ही कशापायी दिली?" परत येताना गाडीत तू पदर तोंडाला लावून इतकी हसलीस की गाडी लागली समजून ड्रायव्हरने काच खाली केली. "बरूबर इचारलं त्यानं," म्हणालीस. मीही हसले. पण मनातून मला ते आवडलं नव्हतं, हे आता सांगते.

तू गेलीस ती ऐन दिवाळीच्या तोंडावर. पुढच्या वर्षी एका संपादकांचा फोन आला, यंदा आईवर विशेष विभाग आहे, चार पानं द्या. मी म्हटलं, माझ्याकडे विज्ञानकथा तयार आहे. ते म्हणाले, ती राहू द्या, आईचं द्या. दिलं. आणि आई, त्या चार पानांत मी एक संध्याकाळ लिहिली. वीज गेलेली आहे, तू चुलीपुढे आहेस, मी कंदिलाजवळ बसून माझी कथा वाचते आहे. तू ऐकता ऐकता थांबतेस. तव्यावरची भाकरी उलटायची विसरतेस. ती करपते, धूर होतो, आणि तू धुरातून म्हणतेस, "मग? पुढं काय झालं?"

तुझ्या हातची भाकरी जन्मात कधी करपली नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. पण महाराष्ट्र रडला. अनोळखी बायकांचे फोन आले, कोल्हापूरहून एका निवृत्त गुरुजींचा आला. कुठल्याशा शाळेत एका मुलीने ते पाठ करून वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलं. मग ते व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं, फिरता फिरता माझं नाव गळलं आणि मलाच माझ्या विद्यार्थ्यांनी पाठवलं, "मॅडम, नक्की वाचा, डोळ्यांत पाणी येईल." इतक्या वर्षांच्या माझ्या कथा एकीकडे आणि ही करपलेली भाकरी एकीकडे. सगळे म्हणाले, किती खरं लिहिलंय! मी उभ्या आयुष्यात लिहिलेली सगळ्यात काल्पनिक गोष्ट ती, आणि तिलाच लोकांनी खरी म्हणून डोक्यावर घेतलं.

दादाचं तर काय सांगू. त्याने वाचून लगेच फोन केला होता. "लई भारी लिवलंस. आमी समदी रडलो. पन हे कवा झालं गं? मला कसं आठवत न्हाई?" मी म्हटलं, तू शेतावर असशील. परवा त्याच्याकडे गेले तर व्याही बसलेले, आणि हा त्यांना सांगतोय, "मी तिथंच हुतो की. धूर हा एवढा! मीच तवा उतरवला." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी चहा संपवला. आता त्याच्याकडून ती संध्याकाळ काढून घेणं माझ्याच्याने होणार नाही. वर त्याने व्याह्यांसमोर मलाच दटावलं, "पुस्तक काढ की आईवर. गावाला वाटू. त्या चंद्राबिंद्राच्या गोष्टी कोन वाचतंय?"

पुस्तक का काढत नाही ते त्याला सांगता आलं नाही, तुला सांगते. पुस्तक करायचं तर चार पानं पुरणार नाहीत. मला अशा कितीतरी संध्याकाळी लिहाव्या लागतील, आणि प्रत्येकीत ती बाई माझ्याकडे कौतुकाने बघणार, भाकऱ्या करपवणार, पुढं काय झालं विचारणार. ती मला आवडत नाही, आई. ती माझ्याशी भांडत नाही. ती मला उजेडातून सरक म्हणत नाही. तिचं पुस्तक निघालं की तू उरणार नाहीस, दादाच्या डोक्यातून तर निम्मी गेलीच आहेस. मला तू पुढं काय झालं असं एकदा तरी विचारायला हवं होतंस, खरोखर विचारायला हवं होतंस, आणि तू नाही विचारलंस. एवढंच माझ्याकडे तुझं खरं आहे. तेही विकून कादंबरी छापून आणायची का?

आत्ता दुपारी, हे लिहिता लिहिता मध्येच उठून पुण्याला फोन लावला. मी नाही म्हणून सांगितलं. ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, "विचार करा मॅडम, भावना आहेत तुमच्या, समजतं, पण मग कादंबरीचं अवघड होईल." मी म्हटलं, होऊ द्या. फोन ठेवला आणि परत हे लिहायला बसले. तुला खडसवायचं होतं. तुला ऐकवायचं होतं की माझ्या कादंबरीत पानोपानी माणसं जेवतात, तुझ्या एका वाक्यामुळे मला कुणाला उपाशी ठेवताच येत नाही, आणि समीक्षक त्यालाच नावं ठेवतात.

पण हे लिहिताना दोनदा मी मागे जाऊन वाक्यं नीट केली, एका ठिकाणी तुझं बोलणं जरा जास्त ठसक्याचं केलं, आणि मनात आलं की त्या आईवरच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण म्हणून हे झकास होईल. म्हणून हे कुठेच पाठवत नाही.