कंदील विझवल्यावर

मालवण, सप्टेंबर १९६५. संध्याकाळ.

आज काळोखाचा सराव झाला. शत्रूच्या विमानांना किनारा दिसू नये म्हणून भोंगा होताच सगळे दिवे मालवायचे. शाळामास्तर म्हणून माझ्याकडे कोळीवाडा. घरं पटापट काळोखात गेली. वाळूवर मात्र लक्ष्मी नवऱ्यासाठी कंदील धरून उभी.

"गुरुजी, घोव अजून दर्यात आसा. दिवो इझवलो तर होडी खंय लागतली?"

होड्यांचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. उद्या कचेरीत सांगायला हवं. पण तेव्हा काय करायचं? सरावच तर होता, राहू द्यायचा होता का कंदील? आणि खरीच विमानं आली असती तर?

"विझव. आपण हाका मारू," मी म्हटलं.

तिने कंदील विझवला. मी ओरडलो, पण वाऱ्यात आवाज पोचेना. इथे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लक्ष्मी गुडघाभर पाण्यात गेली आणि "पांडू" म्हणून हाका मारत राहिली. खडक चुकवून होडी नीट वाळूला लागली.

पांडूने उतरताच विचारलं, "माझा नाव कोण घेय होता?"

"गुरुजी," लक्ष्मी म्हणाली.

मी मान डोलावली.