रिओच्या पानाची साल

वाघोली, १२ एप्रिल २०२५

चि. समाधान,

जयभीम आणि आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा आहे. तिने कुरडया घातल्यात, तुझा डबा वेगळा काढलाय. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र कल्याणीबरोबर पाठवतेय. बायकोच्या हातचं तरी घेशील.

त्या दिवशी भांडणात मला नीट सांगता आलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत मुलं रिओच्या, त्या कुंडीतल्या शोभेच्या झाडाच्या, पानाची जांभळी साल मायक्रोस्कोपखाली बघतात. साध्या पाण्यात पेशी फुगून टच्च होते. मिठाच्या पाण्यात आतलं पाणी बाहेर येतं आणि जांभळा रंग आक्रसून मधोमध गोळा होतो. पुन्हा साधं पाणी दिलं की फुगते. आक्रसणं-फुगणं, सगळं पेशी जिवंत असेल तरच.

सोमवारी मुलांनी साल हॉस्टेलच्या टाकीतल्या पाण्यात भिजत ठेवली. दुसऱ्या दिवशी मिठाचं पाणी घातलं, तर एकही पेशी आक्रसेना. रंग सगळा बाहेर पसरलेला. मी कसब्यातून मावशीकडच्या नळाचं पाणी आणून तेच करून पाहिलं. त्यातल्या पेशी धडधाकट.

हॉस्टेलला पाणी तुझ्या टँकरचं. टाकी मी लगेच बंद करायला लावली. तो जुना टँकर आधी काय वाहत होता, एवढंच तुला विचारलं. तू म्हणालास, "ताई, पानाच्या सालीवरून माझा धंदा बंद करू?" आणि टँकरच्या नळाला ग्लास लावून घटाघटा प्यायलास. "घे. मेलो का?"

समा, कल्याणी सांगते, तुला परवापासून उलट्या होतायत, लघवी काळपट होतेय. उन्हाचं म्हणतोस. माझ्या वर्गातली फरहतही उन्हाचंच म्हणत होती. हॉस्टेलवर राहायची.

आज सकाळी ती गेली. हॉस्टेलच्याच अजून दोघी इथे दवाखान्यात आत आहेत.

तिचे वडील दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "मॅडम, पाणी कुणाचं होतं?" मी तुझं नाव सांगितलं. पोलिसांकडेही तेच लिहून दिलं. संध्याकाळपर्यंत पोलीस तुझ्याकडे येतील.

त्यांची वाट बघू नकोस. पळूही नकोस. कल्याणीबरोबर रिक्षात बस आणि थेट या दवाखान्यात ये. टँकरमध्ये काय होतं ते डॉक्टरांना खरं सांग. त्यांना तेवढंच कळत नाहीये, आणि त्या दोघींचं आणि तुझं सगळं त्यावरच आहे.

आईला अजून काही बोलले नाही.

तुझ्याविरुद्ध सही केलेली, आणि दारात तुझीच वाट बघत उभी असलेली,

ताई
(आम्रपाली)