द्वारकाआत्याचा टाका

मुंबई
१० फेब्रुवारी २०२५

ती. द्वारकाआत्यास,
अंतराचा सा. न. वि. वि.

बालविवाहावरचा सिनेमा एकदाचा पूर्ण झाला. चार वर्षं मालिकेत सोशिक सून होऊन जे मिळवलं ते सगळं त्यात गेलं. आता पुन्हा कुणाची तरी सून व्हावं लागणार, निदान पडद्यावर. आतोबा तुझा फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसतात, म्हणून हे पत्र अंगणवाडीच्या सोनूबाईंच्या पत्त्यावर पाठवतेय.

तू तुझ्या थोरलीबद्दल, रमाबद्दल, जे बोललीस ते ऐकून आमचा कॅमेरावालासुद्धा बाहेर जाऊन उभा राहिला. पंधराव्या वर्षी लग्न आणि पहिल्याच बाळंतपणात गेली, हे तू इतक्या शांतपणे सांगितलंस. काळजी करू नकोस, तुझा चेहरा पूर्ण अंधारात आहे आणि आवाज माझ्या मैत्रिणीचा घातलाय. दिसतात ते फक्त गोधडी शिवणारे हात.

आठ मार्चला तुमच्या पिंपळगावातच दाखवणार आहोत, रेणुकाईच्या सभामंडपात. त्यानंतर अठराच्या आत मुलगी द्यायची नाही असा ठराव गावाकडून करून घेऊ. धाकट्या अर्पिताची दहावी झाली की तिला जुन्या जालन्यात आमच्या घरी ठेवायचं, आईशी बोलणं झालंय.

अर्पिताला पापा. माझ्यावर अशीच माया राहू दे.

तुझी,
अंतरा


पिंपळगाव रेणुकाई
१९ फेब्रुवारी २०२५

चि. अंतरास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोनूबाईनं मोबाईलवर तुझ्या सिनेमाचा तुकडा दाखवला. तू फार शिकलीस बाई, पण गोधडीकडे कधी बघितलं नाहीस, नुसती पांघरलीस. तोंड झाकून काय उपयोग? माझा टाका तिरका पडतो आणि कडेला मी दोन रेघा जवळ जवळ घालते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या गोधड्या मी शिवल्यात. दिवा नसला तरी बायका हातानं चाचपून सांगतील की ही द्वारकेची.

तेवढा हाताचा भाग काढून टाक. नाहीतर पिंपळगाव सोडून कुठंही दाखव. तुझ्या आतोबांनी रमाच्या तेराव्यालाच सांगून ठेवलंय, की तिचं नाव घेऊन घराची अब्रू कुणी बाहेर काढली तर अर्पिताला त्याच महिन्यात उजवून टाकीन. ते बोलतात कमी आणि करतात जास्त. पोरगी नववीत आहे, गणितात पहिली आली. दुसरं माझ्याकडं काही राहिलेलं नाही.

जेवत जा वेळेवर, मालिकेत गालफडं बसलेली दिसतात. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
द्वारकाआत्या


मुंबई
१२ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. पण हातांचा तो प्रसंग काढला की सिनेमात उरतं काय? पुण्याच्या महोत्सवातल्या परीक्षकांनी नेमका त्याचाच उल्लेख केला. आणि गाव सोडून दाखवायचा तर ज्यांच्यासाठी केला त्यांनीच बघायचा नाही, असं झालं असतं. म्हटलं, लोक रडतील की टाके मोजतील?

सभामंडप कसा भरला होता बघितलंस ना? गोधडी दिसली तशी बायकांत कुजबुज झाली, दोघीतिघी तुझ्याकडे वळल्या आणि तू उठून गेलीस. मला वाटलं, तुला रमाची आठवण सोसली नाही. ठरावावर सरपंचांसकट सगळ्यांनी सह्या केल्या. आतोबांची सही सगळ्यात वर आहे.

आणि ऐक, तू उगाच घाबरत होतीस. परवा आतोबांचा स्वतःहून फोन आला. सिनेमा बघून डोळे भरले म्हणाले. घरी एक कार्यक्रम काढलाय, पत्रिकेवर निमंत्रक म्हणून माझं नाव आणि फोटो टाकू का, असं विचारलं. मी सेटवर होते, कसला कार्यक्रम ते विचारायचंही राहिलं. आनंदानं हो म्हटलं, चांगला फोटोही पाठवून दिला. सत्कारच असणार. माणूस बदलतो आत्या.

अर्पिताला म्हणावं, ताईकडे यायची तयारी कर. तुझी माया आहे तोवर मला कसली चिंता?

तुझी,
अंतरा


पिंपळगाव रेणुकाई
४ मे २०२५

चि. अंतरास,
अनेक आशीर्वाद.

अर्पिताचं लग्न झालं. अक्षय तृतीयेला, आमच्याच दारात. मुलगा घनसावंगीकडचा आहे, तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा.

आठ मार्चच्या संध्याकाळी घराकडे येतानाच शेजारच्या कारभारीच्या बायकोनं आतोबांना विचारलं होतं, की आमच्या द्वारकानं सिनेमात काम केलं ते सांगितलं न्हाई. ते नुसते हसले. घरी आल्यावर ओरडले नाहीत, हातही उचलला नाही. जेवले आणि सोयरिकीचे फोन लावायला बसले.

मी गप्प बसले नाही. शेजारणीच्या तोंडी निरोप धाडून सोनूबाईकडून मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करवला. अक्षता पडायच्या आधी बालविकास खात्याचे साहेब आणि दोन पोलीस आले. मला वाटलं, सुटली पोरगी. आतोबांनी त्यांना खुर्च्या दिल्या, सरबत दिलं आणि लग्नाची पत्रिका हातात ठेवली. वरच तुझा फोटो, खाली निमंत्रक, सिनेअभिनेत्री आणि बालविवाहविरोधी कार्यकर्त्या अंतरा. साहेब खूश झाले. म्हणाले, मॅडमचा सिनेमा आम्ही ऑफिसात दाखवलाय, त्यांच्या घरचं लग्न म्हणजे वय बराबरच असणार. सोनूबाई अर्पिताचा जन्माचा दाखला घेऊन उभी होती. तो त्यांनी उघडूनसुद्धा बघितला नाही. खोटी तक्रार केली म्हणून तिलाच दम दिला आणि जेवून गेले.

माणूस बदलतो म्हणून तू लिहिलं होतंस. ते पत्र सोनूबाईनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आणून दिलं, कारण त्या आधी महिनाभर मला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. तुझ्यावर मी रागावले आहे, अंतरा. आतोबांवर रागावून मला काही मिळत नाही, ते जसे होते तसेच आहेत. तुला मी सांगितलं होतं.

अर्पिता अक्षतांपर्यंत रस्त्याकडे बघत होती. पत्रिकेवर नाव आहे म्हणजे ताई येणारच, आणि आली की हे सगळं थांबवणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं. पाठवणीच्या वेळी गळ्यात पडून तिनं मला एवढंच विचारलं, की ताईला माहीत होतं का. नाही म्हटलं असतं तर पोरगी त्या घरात जन्मभर तुझी वाट बघत बसली असती.

मी हो म्हटलं.

तुझी,
द्वारकाआत्या