वाघाच्या डोळ्यातला खिळा

हॅम्बर्ग बंदर, २ ऑगस्ट

दादा,

तुझ्या आणि वहिनीच्या पायांना इथूनच हात लावतो. मी बरा आहे. जहाजावर मासे मिळतात, पण आमसुलं नाहीत.

सोबतचं कार्ड बघ. इथल्या संग्रहालयातलं जंगलाचं चित्र आहे. हरीण वाघाएवढं, हत्ती हसतोय, आणि सगळी जनावरं मधल्या रिकाम्या जागेकडे बघतायत. माहिती देणारी बाई म्हणाली, चित्रकार कुठे शिकलेला नव्हता. मधली जागा का सोडली, कुणाला माहीत नाही.

मला तुझी भिंत आठवली. गेरू आणि निळीने तू गणपतीमागे जंगल काढायचास आणि मधली जागा मूर्तीला सोडायचास. सगळी जनावरं देवाकडे बघायची, म्हणून हरीण वाघाला भीत नसे. हे मला आत्ता कळलं रे.

तेव्हा मी मुंबईच्या मित्रांसमोर म्हणालो, "हा वाघ की मांजर?" आणि वर छापील फ्लेक्स लावला. खिळा नेमका वाघाच्या डोळ्यात मारला. हातोडी तूच आणून दिलीस. तेव्हापासून दरवर्षी फ्लेक्सच.

वहिनी म्हणत होती, तुझा हात थरथरतो. रत्नागिरीला जाऊन दाखवलंस का?

चतुर्थीला मी समुद्रातच असेन. यंदा फ्लेक्स नको. हात थरथरला तर थरथरू दे, पण वाघ काढ. खिळा मात्र तसाच ठेव. तो मी आल्यावर माझ्या हाताने उपटीन.

तुझा धाकटा,
निलेश